धागा: ग्वाल्हेरहून स्वतःच्या गाडीने नेपाळ, सुनौली मार्गे. कोणी गेलंय का?

लष्करवाला (ग्वाल्हेर)

मंडळी, नाताळच्या सुट्टीत गाडीने नेपाळला जायचं घाटतंय. मी, बायको, अकरा वर्षांचा मुलगा आणि आई, वय ७२. भिंड, इटावा, तिथून एक्सप्रेसवेने लखनौ, मग अयोध्या, गोरखपूर, सुनौली. पुढे लुंबिनी, तानसेन, पोखरा. काठमांडू नाही. आईचे गुडघे आणि माझा क्लचचा पाय, दोन्हींना तेवढं झेपणार नाही. (पशुपतिनाथ न करता नेपाळ म्हणजे पंढरपूरला जाऊन नुसती चंद्रभागा बघून येणं, असं आईचं मत आहे. ते तूर्त बाजूला.)

अडचण अशी की गाडी दादाच्या नावावर आहे. तो इंदूरला असतो. नंबर एमपी ०७, गाडी ग्वाल्हेरातच असते, चालवतो मीच. बाड्यावर चहाला उभं राहिलं की जो तो सांगतो, "अरे नेपाळ काय, उघडी सीमा आहे, सरळ जा!" आणि प्रत्येकाचा एक मेहुणा जाऊन आलेला असतो. मला मेहुण्यांची माहिती नको, ज्यांनी स्वतः स्टिअरिंग धरलंय त्यांची हवी आहे.

दाल_बाफला (इंदूर)

भिया, मी दोनदा जाऊन आलोय, दोन्ही वेळा सुनौलीवरूनच. सीमा उघडी आहे ती तुमच्यासाठी, गाडीसाठी नाही. १९५० च्या भारत-नेपाळ करारामुळे आपल्याला व्हिसा नाही, पासपोर्टवर शिक्का नाही. पायी किंवा सायकलरिक्षाने जाणारी माणसं तर गेटमधून अशी जातात जशी आपण राजवाड्यावरून सराफ्यात शिरतो. गाडी मात्र परदेशातून आलेला माल. तिला तात्पुरती आत घेतात, दिवस मोजून पैसे घेतात आणि मुदतीत बाहेर काढायला लावतात.

त्यासाठी जे करायचं त्याला तिकडे भन्सार म्हणतात, म्हणजे आपलं कस्टम. आपल्या बाजूला एसएसबीचे (सशस्त्र सीमा बलाचे) जवान विचारपूस करतील, कधी डिकी उघडायला लावतील. गेट ओलांडलं की बेलहिया. तिथे गाडी कडेला लावून भन्सार कार्यालयात जायचं. मालकाचं नाव, चालकाचं नाव, गाडीचा, इंजिनाचा, चासीचा नंबर, किती दिवस, कुठे जाणार. पैसे भरले की पावती. मग वाहतूक खात्याची म्हणजे यातायातची वेगळी पावती. दोन्ही हाताशी ठेवा, पुढे पोलीस अडवतात तेव्हा आधी तेच मागतात. लायसन्स आपलं चालतं.

दोन गोष्टी नीट लक्षात ठेवा. एक, आत शिरलात तो दिवसही धरतात आणि बाहेर पडाल तो दिवसही. आपण हॉटेलसारख्या रात्री मोजतो, ते दिवस मोजतात. दोन, एका गाडीला वर्षात ३० च दिवस मिळतात. मुदत उलटली की दिवसागणिक दंड, आणि तो भाड्यापेक्षा फार जबर.

दादाची आरसी मूळ लागेल. मोबाईलमधली दाखवू नका, मला परत पाठवलं होतं. मालक बरोबर नसेल तर त्याचं परवानगीपत्र, त्याच्या ओळखपत्राच्या प्रतीसकट. स्टँपपेपरवर करा, हिंदीत करा. हिंदी तिथे सगळे वाचतात.

जुनंखोड (ग्वाल्हेर)

व्हिसा नाही म्हणजे ओळखपत्र नाही असं समजू नका. पासपोर्ट किंवा मतदार कार्ड, दोनच. आधार कार्ड फक्त १५ च्या आतल्यांना आणि ६५ च्या वरच्यांना, २०१९ पासून. म्हणजे तुमच्या घरात आई आणि चिरंजीव आधारवर जातील, तुम्ही दोघं नाही. कधी बघतात, कधी बघत नाहीत. पण ज्या दिवशी बघतील त्या दिवशी मेहुणा कामाला येणार नाही.

गोरखपूरची_सून

माहेर दौलतगंज, सासर गोरखपूर, त्यामुळे या धाग्यावर बोलायचा माझा दुहेरी हक्क आहे. :)

सगळ्यात आधी कोहरा. डिसेंबर अखेरीस लखनौ ते सुनौली सकाळी नऊ-दहापर्यंत पुढच्या ट्रकचा लाल दिवासुद्धा दिसत नाही. रात्री अजिबात चालवू नका. गोरखपुरात मुक्काम करा आणि सावकाश निघा, पुढे शंभरेक किलोमीटरच राहतं. नौतनवाच्या पुढे ट्रकची रांग दिसेल, कधी कधी कित्येक किलोमीटर. घाबरून तिच्यामागे उभे राहू नका. ती मालाची रांग, छोट्या गाड्या बाजूने जातात. आमचे एक पाहुणे दीड तास ट्रकमागे श्रद्धेने उभे होते.

मग काचेवर टकटक होईल. "भन्सार करा दूँ, साहब?" करून देतात, नाही असं नाही, पण खिडकीपाशी स्वतः उभं राहिलात तर तेच काम होतं. आणि कागदावर काय लिहिलंय ते स्वतःच्या डोळ्यांनी बघता येतं.

पैसे: १०० च्या वरची भारतीय नोट नेपाळने डिसेंबर २०१८ मध्ये बंद केली होती. तेव्हापासून आम्ही शंभराच्याच नोटा न्यायचो. भाव ठरलेला आहे, आपले १०० म्हणजे त्यांचे १६०, गेली तीस वर्षं तोच. दुकानदार विचारेल "आयसी की नेपाली?" आयसी म्हणजे आपले पैसे. हे न विचारता किंमत ऐकलीत तर एक तर फार महाग वाटेल, नाहीतर फार स्वस्त. यूपीआय मार्च २०२४ पासून तिथल्या क्यूआरवर चालू झालंय, पण घाटातल्या चहाच्या टपरीवर त्याच्या भरवशावर राहू नका.

वहिनींच्या मतदार कार्डावर माहेरचं नाव आहे का? माझ्यावर होतं. एसएसबीच्या मुलाने विचारलं, "ये आप ही हैं?" मी म्हटलं, बारा वर्षांपूर्वी होते.

विमावाली (बडोदा)

कोणीच बोललं नाही म्हणून लिहिते. माझं रोजचं कामच हे आहे. तुमचा गाडीचा विमा भारताच्या हद्दीपुरता असतो. गेट ओलांडलं की पॉलिसी घरी राहिली समजा. नेपाळ, भूतान, बांगलादेश असे शेजारी देश त्यात जोडून घेता येतात. विमा कंपनीकडे भौगोलिक क्षेत्र वाढवण्याचं एंडॉर्समेंट मागायचं, थोडा जादा हप्ता पडतो. हे निघायच्या आधी करायचं, कारण पलीकडे ठोकल्यावर मागितलंत तर ते मिळत नाही. आणि पॉलिसी दादांच्या नावावर आहे, म्हणजे अर्ज दादांनी करायचा.

एजंटला फोन केलात तर तो बहुतेक म्हणेल, "त्याची गरज नसते, सगळे असेच जातात." त्याला तेवढंच लेखी द्यायला सांगा.

दाल_बाफला

दोनदा गेलो आणि दोन्ही वेळा हे न करता गेलो. आत्ता वाचून पोटात गोळा आला.

मांडवीकाठ (बडोदा)

आम्ही मागच्या वर्षी भूतान केलं, तुलनेसाठी सांगतो. तिथे माणसालाही परवाना लागतो. भारतीयांना माणशी रात्रीला १,२०० रुपये विकास शुल्क आणि बाहेरची गाडी फुंटशोलिंगच्या पुढे न्यायची तर दिवसाला ४,५०० वेगळे. हिशेब केला आणि गाडी अलीकडे जयगावलाच ठेवून तिथली टॅक्सी घेतली. गंमत म्हणजे दोन गावांच्या मध्ये एक भिंत आणि एक कमान. इकडे हॉर्न, गुटख्याच्या पिचकाऱ्या, हातगाड्या. कमानीपलीकडे गाडीवाला झेब्रा क्रॉसिंगवर थांबून तुमची वाट बघतो. आमचे बाबा थांबलेल्या गाडीकडे बघून स्वतःच थांबले. दोघंही एकमेकांना "आधी तुम्ही" करत बराच वेळ उभे.

लष्करवाला

दादाला फोन केला. आधी म्हणाला, "माझी सही कशाला, गाडी तर तुझ्याकडेच असते." मग विम्याचं सांगितल्यावर गप्प झाला आणि मग म्हणाला, "म्हणजे तू ठोकणार आहेस?" असो. आरसी कुरियरने येते आहे, परवानगीपत्र झालं, एंडॉर्समेंटचा अर्ज त्याने केला.

बनबसावरून जाणं सोपं पडेल असं एकजण म्हणाला. खरं का?

गोरखपूरची_सून

पोखऱ्यासाठी नाही. बनबसा पार पश्चिमेच्या टोकाला आहे. शारदा बराजवरचा अरुंद पूल, गाड्यांना ठराविक वेळीच सोडतात. तिथून महेंद्रनगरला उतराल आणि मग अख्खी तराई आडवी कापत याल. सुनौलीच धरा. भैरहवा, बुटवल, तानसेन, पोखरा अशी सरळ वर.

जुनंखोड

अवांतर: तानसेनला चाललाच आहात तर रानीमहल चुकवू नका. पाल्पाच्या खड्गशमशेर राणांनी बायकोच्या आठवणीत १८९३ मध्ये काली गंडकीच्या काठी बांधलेला वाडा. हेच खड्गशमशेर पुढे आपल्या सागरला येऊन राहिले. त्यांच्या मुलीची मुलगी म्हणजे राजमाता विजयाराजे शिंदे. २०२४ च्या मेमध्ये गेलेल्या त्यांच्या सूनबाई माधवीराजेसुद्धा नेपाळच्या राणा घराण्यातल्याच. ग्वाल्हेरकराने तिथे परक्यासारखं जायचं कारण नाही. तसं म्हटलं तर आपल्यातले नानासाहेब पेशवे १८५९ मध्ये याच तराईत उतरले होते. त्यांच्या हत्ती-घोड्यांचं भन्सार कोणी केलं, देव जाणे.

दाल_बाफला

काका +१. रच्याकने, त्या तानसेन गावाचा आपल्या मियाँ तानसेनशी काही संबंध?

जुनंखोड

नाही. मियाँच्या कबरीजवळचं चिंचेचं झाड आमच्याकडे ग्वाल्हेरातच आहे.

लष्करवाला

परतलो! आईसकट, गाडीसकट, आणि मुदतीतसुद्धा. पण ती कशीबशी. सविस्तर लिहितो, कारण चूक माझी होती आणि इथे कोणीच ती आधी केलेली दिसत नाही.

२३ ला निघालो, गोरखपुरात मुक्काम, २४ ला दहा वाजता धुकं वर गेल्यावर सुनौली. ट्रकची रांग होती, ताईंचं ऐकून बाजूने पुढे गेलो. एका ट्रकवाल्याने हात करून वाटही दिली. जवानाने मतदार कार्ड बघितलं, बायकोचं आणि माझं. आईने उत्साहाने आधार, पॅन, रेशनकार्ड आणि आयुष्मान कार्ड एकदम पुढे केलं. तो हसला आणि म्हणाला, "माताजी, रहने दीजिए."

भन्सारची खिडकी. आतल्या माणसाने आरसी घेतली, उलटी करून नख मारून बघितली, मग परवानगीपत्र वाचलं. ओठ हलवत, संपूर्ण. मग मला, "दाइ कहाँ?" नेपाळीत दाइ म्हणजे दादाच. म्हटलं इंदूरला. "दाइको गाडी," असं शेजारच्याला सांगितलं आणि दोघांनी मान हलवली, जणू जगात भावाची गाडी घेऊन पळणारे फार असतात. एकाने बाहेर येऊन नंबरप्लेट ताडून पाहिली. पैसे नेपाळी नोटांत मागितले, म्हणून मी परत रस्त्यावर, बदलून आणले, परत रांगेत. यातायातची पावती धरून सगळं मिळून सव्वा तास. किती दिवस विचारलं तेव्हा मी सांगितलं, सात. डोक्यात होत्या सात रात्री. २४ ते ३१. दाल_बाफला, तुम्ही लिहिलेलं मी वाचलं होतं. मान्य.

कागद हातात आला. अख्खा देवनागरीत. मुदत: २०८१ पौष १५. आता हे आपल्याला घडाघडा वाचता येतं, आणि घोळ तिथेच झाला. इंग्रजीत काही विचित्र असतं तर मी कोणाला तरी विचारलं असतं. मी मागे वळून आईला विचारलं, "पौष पंधरा म्हणजे कधी गं?" आई ठाम. "पौष अजून लागलाय कुठे? सोमवारी सोमवती अमावास्या, मंगळवारपासून पौष. पौष पंधरा म्हणजे शाकंभरी पौर्णिमा. चांगली १३ जानेवारीपर्यंत आहे." मी म्हटलं वा, सात मागितले आणि वीस मिळाले. आता लिहिताना सुद्धा लाज वाटते.

लुंबिनी पाहिली. मायादेवीच्या मंदिराशेजारी अशोकाचा स्तंभ. त्यावरच्या लेखात काय आहे ठाऊक आहे का? बुद्ध इथे जन्मला म्हणून या गावाचा कर माफ, आणि उपजाचा फक्त आठवा हिस्सा द्यावा. खिशात भन्सारची पावती घेऊन ते वाचताना मजा वाटली.

भैरहवा सोडल्यापासून आईला एक नवा खेळ मिळाला. तिथल्या पुष्कळ गाड्यांच्या पाट्या देवनागरीत असतात, खाजगी गाडी असेल तर लाल पाटीवर पांढरी अक्षरं. बा अमुक च तमुक. पन्नास वर्षं रस्त्यावरची एकही पाटी न वाचलेली बाई (इंग्रजी अक्षरं तिला जमतात, पण चालत्या गाडीवरची नाही) मागच्या सीटवरून प्रत्येक गाडीचा नंबर मोठ्याने वाचत होती. "लु एक प..." बुटवलपर्यंत मुलगा वैतागला, पुढे तोच तिच्याशी पैज लावायला लागला.

बुटवलच्या वर सिद्धबाबाचा टप्पा, दरड कोसळण्याबद्दल बदनाम. हिवाळा असल्याने कोरडा होता, तरी तिथे कोणी गाडीत बोललं नाही. तानसेनला सकाळी उठलो तर आम्ही उन्हात आणि खालचं माडीचं खोरं धुक्याने काठोकाठ भरलेलं, दुधाच्या परातीसारखं. तेच धुकं खाली असताना शिव्या घातल्या होत्या. रानीमहलला जीप करून उतरलो. नदीच्या वळणावर पांढरा वाडा, भिंतींचे पोपडे निघालेले. आईने उंबऱ्याला हात लावून नमस्कार केला. देऊळ नाही ते, मी म्हटलं. "राजमातांच्या आजोळचं आहे," म्हणाली. काका, तुमचा निरोप पोचला म्हणायचा. पाल्पाचा पितळी करुवा घेतला, तोटीचा तांब्या असतो तसा.

आता मुद्दा. २९ च्या रात्री पोखऱ्यात हॉटेलवाला गाडी नीट लावून घ्यायला आला, काचेमागचा कागद टॉर्चने वाचला आणि म्हणाला, "सर, आपका तो कल लास्ट है." मी हसलो. म्हटलं नाही हो, पौष पंधरा. तो म्हणाला, "हाँ, आज चौदह है." आणि भिंतीवरचं कॅलेंडर दाखवलं. तिथले महिने सौर. त्यांचा पौष १६ डिसेंबरलाच सुरू झाला होता. चंद्र, अमावास्या, शाकंभरी, कशाचाच संबंध नाही. आम्ही शिरलो तो दिवस पौष ९. नऊ ते पंधरा, मोजून सात.

आईला सांगितलं तर तिचा विश्वास बसेना. "पौष अमावास्येआधी कसा लागेल?" आपल्या ग्वाल्हेरात तरी काय, शेजारच्या शर्मांचा पौष पौर्णिमेनंतर लागतो, आमचा अमावास्येनंतर, आणि आता हा तिसरा. मग दुसरं संकट. उद्या म्हणजे सोमवती अमावास्या, आणि आई अमावास्येला प्रवास करत नाही. सात दिवसांत पहिल्यांदा आवाज चढले. शेवटी मुलगा म्हणाला, "आजी, आपण प्रवासाला निघत नाही आहोत, घरी परत चाललोय." यावर आई जरा विचारात पडली आणि म्हणाली, "तसं असेल तर चालतं."

पोखऱ्याची एकतीस डिसेंबरची रोषणाई बोंबलली. सकाळी सातला निघालो, त्याच घाटाने खाली. दुपारी बुटवल, तिथे जाम. बेलहियाला संध्याकाळ झाली. माझं मनगटी घड्याळ भारतीय वेळेवर होतं, मोबाईल नेपाळी, पंधरा मिनिटं पुढे. मी सारखा दोन्हींकडे बघत होतो, जणू त्या पंधरा मिनिटांत काही फरक पडणार होता. खिडकीत कागद दिला. त्याने तारीख बघितली, माझ्याकडे बघितलं, शिक्का मारला. "टाइम पे आए." एवढंच.

हा कागद परत द्यायचा असतो हे लक्षात ठेवा. माझ्या पुढचा एकजण न देताच चालला होता, त्याला लोकांनीच परत पाठवलं. तो जमा झाल्याशिवाय त्यांच्या नोंदीत गाडी आतच राहते, पुढच्या वेळी त्रास. आपल्या बाजूला डिकी उघडून करुवा उलटसुलट बघितला, जाऊ दिलं.

विमावाली

एंडॉर्समेंट लागलं का कुठे?

लष्करवाला

नाही. मागचा बंपर घासला, पण तो परत येताना, इटाव्यात.

जुनंखोड

तिथली तारीख इंग्रजीत लिहून मागता येते. तोंड उघडून विचारलं असतं तर कारकुनाने शेजारी पेनाने लिहून दिली असती. पण पंचांग घरचं असलं की माणूस विचारत नाही.

गोरखपूरची_सून

अमावास्येच्या मुद्द्यावर आजीला पटवणाऱ्या नातवाला माझ्याकडून एक किलो खस्ता बालुशाही. ग्वाल्हेरला आले की देते.

दाल_बाफला

ते सगळं ठीक, पण मूळ आरसी दादाला परत दिली का? माझा भाऊ अजून माझी दाबून बसलाय.

लष्करवाला

तीच तर नवी भानगड. आमचा वृत्तांत ऐकून दादाला चेव आलाय, त्यालाही जायचंय, याच गाडीने. काल फोन करून विचारत होता, "गाडीचे वर्षाचे तीस दिवस, त्यातले सात तू माझ्या नावावर खर्च केलेस ना?" म्हटलं, तेवीस शिल्लक आहेत की. तर म्हणतो, "ठीक आहे. पण गाडी तुझ्याकडे आहे, तेव्हा इंदूरला आणून दे. आणि आईला विचार, अमावास्या कधी आहे."